अठराच्या अलीकडचा गुन्हा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं कुरुंदा हे हळद आणि ऊस पिकवणारं मोठं गाव. महाराष्ट्राला ते माहीत आहे विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. त्यांचा जन्म १९३२ साली नांदापूरला झाला, पण घराण्याचं मूळ गाव हे. गावाला स्वतःचं पोलिस ठाणं आहे. समजा, या ठाण्यात एका रात्री सतरा वर्षांच्या मुलाला आणलं. भांडणात त्याच्या हातून खून झाला आहे. मृताचे नातेवाईक बाहेर जमलेत, आवाज चढलेत. अशा वेळी ठाणेदारांना सगळ्यात आधी एक गोष्ट माहीत करून घ्यावी लागते, ती म्हणजे पोराचं वय.

पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. अठरा पूर्ण असतील तर कोठडी, सत्र न्यायालय, जन्मठेप, क्वचित फाशी. अठराला एक दिवस जरी कमी असेल तर कायदाच बदलतो. बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचं नाही. साध्या वेशातल्या बालकल्याण पोलिस अधिकाऱ्याने त्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते. मुलाचं नाव, गाव, शाळा छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. बातमीत तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ होतो. पारावर मात्र त्याचं नाव सकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

१ जूनची गोष्ट

वय ठरवण्याचा क्रम याच कायद्याच्या कलम ९४ मध्ये दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि ती काही वर्षांनी मागेपुढे होऊ शकते.

मराठवाड्यात मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. बापाला तारीख आठवत नसे. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ किंवा ‘थोरल्या पुराच्या साली झाला’ एवढंच तो सांगे. मग गुरुजी पहिलीच्या प्रवेशाचा हिशेब धरून १ जून लिहून मोकळे होत. एरवी या तारखेचा उपयोग नोकरीला आणि निवृत्तीला. पण तिच्यावर कुणाचा जीवही टांगलेला असू शकतो, हे पुण्यातल्या एका खटल्याने दाखवून दिलं.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात राठी यांच्या घरात सात जणांचा खून झाला. पाच स्त्रिया आणि दोन लहान मुलं. त्या स्त्रियांपैकी एक गरोदर होती. तिघांना अटक झाली. एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे २०१६ मध्ये त्यांच्यातल्या एकाची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याने मात्र वेगळाच मुद्दा पुढे आणला. खटल्याच्या कागदांवर त्याचं वय विशीतलं लावलेलं होतं. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीत जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता.

अल्पवयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा, करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. २७ मार्च २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. हृषीकेश रॉय यांनी शाळेची नोंद ग्राह्य धरून त्याला सोडण्याचा आदेश दिला. तोवर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता, त्यातली बरीचशी वर्षं फाशीच्या छायेत. गुन्हा घडला तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता, आणि त्या कायद्यानेही सोळाच्या आतल्या मुलाला फाशी किंवा तुरुंगवास देता येत नव्हता. आजच्या कायद्यात त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात राहावं लागलं असतं.

हा खटला कुणालाच सोयीचा नाही. ‘लहान आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्याला सात मृतदेहांकडे पाहावं लागतं. ‘लटकवा’ म्हणणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो, की सातवीच्या वर्गात शोभेल अशा वयात गुन्हा केलेल्या पोराला आपण फाशी सुनावली आणि तीन न्यायालयांत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं काय?

मांडव्याचा आक्षेप

गुन्हेगाराचं वय पाहायचं ही कल्पना परदेशातून आली, असा एक समज आहे. ‘व्यासांचे शिल्प’ लिहिणाऱ्या कुरुंदकरांच्या गावाचा विषय निघालाच आहे, तर महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्याची कथा आठवावी. न केलेल्या चोरीसाठी राजाने या ऋषीला सुळावर चढवलं. त्याने धर्माला जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळालं की लहानपणी त्याने किड्यांच्या शेपटीत काडी खुपसली होती, त्याचं हे फळ. मांडव्य संतापला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्याने धर्माला मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, आणि तोच पुढे विदुर झाला. शिवाय, चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचं पाप लागणार नाही अशी मर्यादाही घालून दिली. अपराधाच्या मानाने शिक्षा किती असावी आणि कोणत्या वयापासून असावी, हे आजच्या वादातले दोन्ही प्रश्न त्या कथेत आहेत.

आधुनिक काळात मुंबईने यात लवकर पाऊल टाकलं. डेव्हिड ससून औद्योगिक शाळा १८५७ साली सुरू झाली. १९२४ मध्ये मुंबई प्रांताचा बाल कायदा आला आणि १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा. हा दुसरा कायदा साधारण सोळा ते एकवीस वयाच्या गुन्हेगारांसाठी होता. म्हणजे विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराला पक्क्या गुन्हेगारांच्या बराकीत टाकू नये, एवढं शहाणपण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इथल्या कायद्यात होतं. पुढे १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा अशी रेषा आखली. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता. त्याला धरून २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा ही एकच रेषा ठेवली.

रेषा म्हटली की तिच्या दोन बाजूंना दोन वेगळे निकाल येणारच. मुंबईतल्या शक्ती मिलमध्ये २०१३ साली बलात्काराच्या दोन घटना घडल्या, आणि दोन्हींत एकेक आरोपी अल्पवयीन होता. तीन सज्ञान आरोपींना २०१४ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आजन्म कारावासात बदलली. दोन्ही अल्पवयीनांना २०१५ मध्ये तीन वर्षांसाठी नाशिकच्या बोर्स्टल शाळेत पाठवण्यात आलं. एकाच गुन्ह्यातली ही तफावत पाहून लोक संतापले, आणि त्या संतापाला वेडेपणा म्हणून चालणार नाही.

२०१५ नंतर काय बदललं

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर वय सोळावर आणण्याची मागणी देशभर झाली. कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये ती अमान्य केली. पण त्या गुन्ह्यातला अल्पवयीन तीन वर्षांनी, २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे.

या कायद्याने वयाची रेषा अठरावरच ठेवली, पण सोळा ते अठरा या वयोगटासाठी तिला एक दार केलं. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तो ‘निर्घृण’ गुन्हा. खून आणि बलात्कार यांचा त्यात समावेश होतो. अशा प्रकरणात मंडळाने तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं असतं. हे कृत्य करण्याची मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता होती का? परिणामांची समज होती का? कोणत्या परिस्थितीत ते घडलं? मंडळाला वाटलं, तर प्रकरण सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या बालन्यायालयाकडे जातं आणि तिथे मुलावर सज्ञानाप्रमाणे खटला चालू शकतो. सोळाच्या आतल्या मुलासाठी हे दार उघडत नाही.

खटला सज्ञानासारखा चालला तरी फाशी देता येत नाही, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाला तुरुंगाऐवजी ‘सुरक्षित ठिकाणी’ ठेवायचं असतं. एकविसाव्या वर्षी बालन्यायालयाने त्याच्यात काय फरक पडला हे तपासायचं असतं, आणि मग अटींवर सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं, हे ठरवायचं असतं. वर्तमानपत्रांतल्या चर्चेत या तपासणीचा उल्लेख क्वचितच येतो. या कायद्यातली सगळ्यात मोलाची तरतूद मात्र तीच आहे.

‘निर्घृण’ या शब्दाचा अर्थ किती काटेकोर आहे, हे पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणातून दिसलं. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्यावर देशभर गदारोळ झाला. पोलिसांनी सज्ञानाप्रमाणे खटला चालवण्याची परवानगी मागितली, ती मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. यातला कायदेशीर पेच असा, की सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही, आणि अशा गुन्ह्यांना ‘निर्घृण’ म्हणता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल खटल्यात जानेवारी २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. पुण्याचं प्रकरण अपघाताचं होतं, हिंसेच्या हेतूचं नव्हतं. पण त्या निबंधाने बाल न्याय व्यवस्थेची जी थट्टा झाली, तिची किंमत कुठल्याही वकिलाशिवाय मंडळापुढे उभं राहणाऱ्या गरीब मुलांना मोजावी लागते. सुधारणा म्हणजे श्रीमंतांची सुटका, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं.

सतराव्या वर्षाचं डोकं

खून करणं वाईट, हे सतरा वर्षांच्या मुलाला कळत नाही का? कळतं. मेंदूविज्ञानानेही ते नाकारलेलं नाही. शांत बसून विचार करताना सोळा-सतराच्या मुलाची समज मोठ्या माणसाच्या जवळपास पोहोचलेली असते. फरक पडतो तो राग चढल्यावर आणि चार मित्र बघत असताना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून हे दाखवलं. एकट्याने खेळताना बऱ्यापैकी जपून चालवणारी मुलं मित्र शेजारी आले की धोका पत्करू लागली. प्रौढांवर मित्रांचा असा परिणाम झाला नाही. आवेग रोखणारी यंत्रणा विशी ओलांडेपर्यंत पक्की होत असते. पोरवयातले बहुतेक गुन्हे टोळक्याने होतात, त्याचं हे एक कारण.

दुसरी महत्त्वाची गोष्ट न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासाच्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडली. गुन्ह्याकडे वळणाऱ्या मुलांत बहुतेकांचा गुन्हा पौगंडावस्थेपुरता असतो, आणि काम, संसार, जबाबदारी आली की ते त्यातून बाहेर पडतात. बालपणापासून सुरू होऊन आयुष्यभर गुन्हेगारीत राहणारे थोडेच. मग एखाद्याला वाटेल की हे थोडे लोक किरकोळ गुन्हे करणाऱ्यांतले नाहीत, गंभीर गुन्हे करणाऱ्यांतले असणार. त्याचाही शोध घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षं पाठपुरावा करण्यात आला. त्यांतही गुन्ह्याचं प्रमाण सतत जास्तच राहिलेली मुलं दहात एकाहून कमी निघाली. सुधारगृहातला मुक्काम लांबवल्याने पुढचे गुन्हे कमी झाले, असंही आढळलं नाही.

अमेरिकेने १९९० च्या दशकात हजारो मुलांवर सज्ञानांप्रमाणे खटले चालवले. त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तिथल्या तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये निष्कर्ष काढला, की प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुलं बाहेर आल्यावर हिंसक गुन्हे कमी नव्हे, तर जास्त करतात. कठोर शिक्षेची बाजू घेणाऱ्याने हा निष्कर्ष बाजूला सारून चालणार नाही, कारण सुरक्षितता हाच त्याचा मुद्दा असतो.

मात्र सुधारणेचा भरवसा शंभर टक्के कुणी देऊ नये. इंग्लंडमध्ये १९९३ साली दोन वर्षांच्या जेम्स बल्गरचा खून दहा वर्षांच्या दोन मुलांनी केला. दोघांना सुरक्षित गृहात ठेवून शिकवलं, २००१ मध्ये नवी नावं देऊन सोडलं. एक पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला, दुसऱ्याबद्दल तसं काही ऐकू आलं नाही. गुन्हा तोच, वय तेच, उपचारही तेच. म्हणून सरसकट माफी आणि सरसकट कठोरता या दोन्हींपेक्षा प्रत्येक मुलाची वेळोवेळी तपासणी करण्यात अर्थ आहे. आपल्या कायद्यातली एकविसाव्या वर्षाची तरतूद नेमकी तीच आहे.

मधली वर्षं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात अल्पवयीनांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्यातले ४,४०६ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशातल्या एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. तेव्हा ‘पोरं हाताबाहेर गेली’ ही ओरड जरा जास्तच आहे. पण महाराष्ट्राने दुर्लक्ष करावं असंही चित्र नाही.

पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुलं मोठ्या संख्येने सापडली. ‘तुला काही होत नाही, तू लहान आहेस’ असं सांगून त्यांना पुढे करणारा माणूस मोठा असतो. त्याच्यासाठी कायद्यात कलम ८३ आहे. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. वयाची मर्यादा कमी करा ही मागणी जितक्या जोरात होते, तितक्या जोरात हे कलम लावा ही मागणी ऐकू येत नाही.

कुरुंद्याच्या त्या सतरा वर्षांच्या मुलाबाबत कायद्याने काय करायचं सांगितलं आहे? परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. त्यासाठी घरी जायचं, शाळेत जायचं, बाप ऊसतोडीला जातो का, पोरगं शाळेतून कधी सुटलं, कुणाच्या संगतीत होतं, हे पाहायचं. मग त्या मुलापुरता संगोपन आराखडा करायचा, शिक्षण, समुपदेशन, व्यसनावर उपचार, हाताला कसब. सुटल्यावर अनुरक्षण सेवा द्यायची. कागदावर यात काही उणं नाही. उणं असतं ते माणसांचं. एका अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणं असली की अहवाल ‘घरची परिस्थिती गरिबीची, आई-वडील मजुरी करतात’ एवढ्या दोन ओळींत संपतो. आणि मंडळाने त्या दोन ओळींवरून एका मुलाच्या मनाची क्षमता ठरवायची! प्राथमिक मूल्यांकन हे नाजूक काम आहे आणि त्यात मानसशास्त्राच्या जाणकारांची मदत घ्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका शाळकरी मुलाच्या खुनाच्या प्रकरणात बजावलं, ते याच काळजीपोटी.

या सगळ्यात आणखी एक माणूस विसरला जातो, तो म्हणजे ज्याचं माणूस गेलं तो. बाल न्याय कायदा मुलाभोवती रचलेला आहे, पीडिताला त्यात फारशी जागा नाही. मृताच्या आईला मंडळात काय चाललंय ते कुणी सांगत नाही. मुलगा सुटल्याचं तिला बाजारात कळतं. बलात्कार आणि आम्लहल्ल्याच्या पीडितांसाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना सुरू केली, पण पैसा मिळणं आणि ऐकून घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलगा, त्याचं कुटुंब आणि पीडित यांना एका बैठकीत समोरासमोर बसवण्याची पद्धत रुळवली. खुनाची प्रकरणं तिने बाहेर ठेवली, तेही समजण्यासारखं आहे. पण पीडिताला बोलायला जागा देण्यासाठी मुलाला फाशी द्यावी लागत नाही, हे तिने दाखवून दिलं. त्या आईला मुलाच्या सुटकेची सूचना आधी मिळावी, तिचं म्हणणं मंडळाने लेखी घ्यावं आणि सुटलेल्या मुलाने तिच्या दारापासून दूर राहावं, एवढं तर कायद्यात एका दुरुस्तीने करता येईल.

शिक्षा की सुधारणा, असा प्रश्न विचारला की उत्तर चुकतंच. गंभीर हिंसा करणाऱ्या मुलाला समाजापासून काही वर्षं दूर ठेवावं लागतं आणि ती शिक्षाच असते, तिला दुसरं गोंडस नाव देऊ नये. पण फाशी आणि न सुटणारी जन्मठेप कायद्याने बाद केली आहे, म्हणजे तो बाहेर येणार हे जवळजवळ नक्की. तेव्हा तो कसा होऊन बाहेर येतो, याचाच विचार करायला हवा. अठराची रेषा आहे तिथेच राहावी. सोळा ते अठराचं दार फक्त अपवादाने आणि जाणकारांच्या मतानंतरच उघडावं. एकविसाव्या वर्षाची तपासणी शिक्क्यापुरती उरू नये. आणि पैसा खर्च करायचा असेल तर तो भिंती उंच करण्याआधी परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक नेमण्यावर करावा. तुमच्या जिल्ह्यात असे अधिकारी किती आहेत आणि त्यांच्याकडे किती मुलं आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पुढच्या वेळी एखाद्या बातमीने रक्त उसळलं, तर ‘फाशी द्या’ लिहिण्याआधी तो एक अर्ज करा.